दुसरी सही

कोल्डब्रुक, इंडियाना
९ एप्रिल २०१८

प्रिय ड्वाइट,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. आमच्याकडे सगळे जागच्या जागी आहेत. हार्लन आत्ता खिडकीशी बसलाय आणि पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे खाणाऱ्या खारींना शिव्या घालतोय. एप्रिल उजाडला तरी बर्फ भुरभुरतंय. ट्यूलिपनी डोकं वर काढलं आणि पस्तावले. तुमच्या न्यू मेक्सिकोत या दिवसांत धुळीची वादळं होतात असं टीव्हीवर सांगत होते. छातीला सांभाळ.

आमची जोलीन कोलंबसच्या एका शाळेत मुख्याध्यापिका झाली. तुझ्या खांद्यावर बसून जत्रेत फिरणारी पोरगी आता शाळाभर पोरांना धाकात ठेवते आणि रविवारी फोन करून आम्हालाही.

इतक्या वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपलं लिहिणं झालं नाही, तेव्हा उगाच लांबण लावत नाही. पत्र तुम्हा दोघा भावांच्या जुन्या गाडीबद्दल, सायक्लोनबद्दल आहे. हार्लनने ती दान करायचं ठरवलं आहे.

गावात बर्नडीन शूप म्हणून एक बाई आहे. ज्यांची मूत्रपिंडं निकामी झालीत अशा लोकांना फोर्ट वेनला डायलिसिससाठी नेण्या-आणण्याचं काम तिची संस्था करते. मोठं काही नाही, चर्चच्या तळघरात एक टेबल, एक फोन आणि एक जुनी व्हॅन. चालवणारे सगळे आपल्यासारखे निवृत्त लोक, पगार नाही. हार्लनही कारखाना सुटल्यावर चालवायचा. त्याला ते काम फार आवडायचं. आता चालवत नाही. वय झालं, ड्वाइट. त्या व्हॅनची पायरी उंच आहे, म्हाताऱ्यांना चढताना त्रास होतो. सायक्लोनचा लिलाव करून चाकाच्या खुर्चीसकट माणूस आत घेणारी व्हॅन घ्यायची असा बर्नडीनचा बेत आहे. अशा गाड्यांवर जीव टाकणारे लोक लांबलांबून येतात म्हणे.

अडचण एवढीच की मालकीच्या कागदावर तुमच्या दोघांची नावं आहेत. मी नोंदणीच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या बाईने चष्मा लावून कागद पाहिला आणि म्हणाली, नावांच्या मध्ये 'किंवा' असतं तर एकाची सही चालली असती. इथे 'आणि' आहे. १९७० साली तुम्हा दोघांनी काय विचार करून तो शब्द घातलात देव जाणे. मला वाटतं विचार केलाच नसेल. तेव्हा तुमचं सगळंच 'आणि' होतं.

कागद सोबत जोडलाय. जिथे मी पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत पाठव. पाकीट आणि तिकीट दोन्ही घातलंय. आमच्या गॅरेजला जागा हवीच आहे. छपरातून पाणीही येतं. किल्ल्या सध्या मी स्वयंपाकघरात मैद्याच्या डब्यात ठेवते. तिथे त्यांना ओल धरत नाही.

फोन मात्र करू नकोस. हार्लन उचलतो आणि मग निरोप माझ्यापर्यंत पोचत नाहीत.

तब्येत जप. सही लवकर पाठवलीस तर बरं होईल.

तुझी वहिनी,
आर्डिस

ता. क. हार्लनची सही जरा वाकडी आली आहे. बोटांत संधिवात आहे त्याच्या.


कोल्डब्रुक
३० एप्रिल

ड्वाइट,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींना पत्र म्हणायचं तर. 'ज्याला गाडी द्यायची आहे त्याने स्वतः विचारावं. बायकोला पुढे करू नये.' कागद जसा पाठवला तसा कोरा परत. माझी फुलीसुद्धा खोडली नाहीस.

मी ते पत्र सिंकपाशी उभी राहून वाचलं आणि हातातली बशी अशी आपटली की हार्लन विचारायला आला. बशी निसटली असं सांगितलं. हल्ली मी त्याला पुष्कळ काही सांगते, त्यातलं निम्मं खरं नसतं.

तुझा राग मला कळतो. तू प्यायलेला असताना गाडी मिलरच्या वळणावर खड्ड्यात घातलीस, त्याला तीस वर्षं झाली. हार्लनने तुझ्या हातातून किल्ली काढून घेतली ते तेव्हा बरोबरच होतं. पण तू दारू सोडलीस, वर्षामागून वर्षं गेली, आणि त्याने ती परत दिली नाही, हे काही बरोबर नव्हतं. मी त्याला अनेकदा म्हटलं. तो म्हणायचा, बघू. तुझ्याजागी मी असते तर मीही गाव सोडलं असतं.

पण तुला वाटतं तसा तो ताठ्यामुळे गप्प नाही. मागच्या पत्रात मी गोल गोल लिहिलं. आता सरळ लिहिते, कारण सरळ लिहिल्याशिवाय तू सही करणार नाहीस.

जानेवारीत एका सकाळी हार्लन तिघांना घेऊन डायलिसिसला निघाला. रस्ता त्याच्या पायाखालचा. त्या दिवशी तो दवाखान्याच्या फाट्यावरून पुढे निघून गेला. मागे बसलेल्यांना वाटलं, पेट्रोल भरायचं असेल. तो गेला ते सरळ, जिथे त्याने इतकी वर्षं काम केलं त्या जुन्या अॅक्सलच्या कारखान्याच्या फाटकापाशी. तो कारखाना बंद होऊन किती काळ लोटला ते तुला माहीत आहे. आता तिथे गवत आणि काटेरी तार. त्याने व्हॅन नेहमीच्या जागी लावली, इंजिन बंद केलं आणि पाळी सुरू होण्याची वाट बघत बसला. बाहेर कडाक्याची थंडी. मागच्या लोकांनी हाका मारल्या तर म्हणाला, भोंगा अजून झाला नाही.

त्यांच्यापैकी एकाने शेवटी बर्नडीनला फोन लावला. तोवर त्यांची डायलिसिसची वेळ टळून गेली होती. दोघांना संध्याकाळी घेतलं. तिसरी ओपल गार्व्हर, वयाने सगळ्यांत मोठी, तिला इतकी थंडी भरली होती की थेट इस्पितळात न्यावं लागलं. ती घरी आली, पण सावरली नाही. फेब्रुवारीत गेली.

डॉक्टर म्हणाले, तिचं हृदय आधीच थकलेलं होतं, एक खेप चुकल्याने असं होत नाही. मी त्या वाक्याला धरून आहे. तिचा मुलगा केंट मात्र चर्चमध्ये आमच्याकडे पाठ करून बसतो. संस्थेच्या बैठकीत येऊन तो म्हणाला, गाडी देऊन आमची तोंडं बंद करायला निघालात का. बर्नडीनच्या लोकांतही आता दोन तट पडलेत. एक म्हणतो घ्या, दुसरा म्हणतो ही गाडी नकोच. कधी नको म्हणून सांगतील याचा नेम नाही.

डॉक्टरांनी हार्लनला तपासलं. रोगाचं नाव तुला कळलं असेलच, मला ते कागदावर लिहवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी तो अगदी पूर्वीसारखा होता. स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "आर्डिस, सायक्लोन त्यांना देऊन टाक. देणारा मी आहे तोवर दे. नंतर माझ्याकडून काढून घ्यावी लागेल, ते मला नको."

म्हणजे हे दान माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ज्याने तुझ्याकडून किल्ली घेतली, त्याला स्वतःची किल्ली द्यायची आहे. तुला विचारायचं म्हणजे का ते सांगावं लागणार. आणि ते तो इतर कोणालाही सांगेल, तुला सांगायची त्याला लाज वाटते.

ओपल गेल्याचं मी त्याला एकदा सांगितलं. लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला विचारलं, ओपल कशी आहे? मला पुन्हा सांगणं झालं नाही. बरी आहे म्हटलं. तेव्हापासून तेच चाललंय.

आणि किल्ल्या मैद्याच्या डब्यात का ठेवल्यात ते आता तू ओळखलंच असशील. काही सकाळी तो गॅरेजमध्ये जातो, सीटवर बसतो, खिसे चाचपतो आणि मला हाका मारतो. मी म्हणते, दुरुस्तीला दिल्यात. कोणाकडे, विचारतो. रोज नवीन नाव सांगते.

कागद पुन्हा पाठवते आहे. फुली या वेळी शाईने केली आहे.

आर्डिस


कोल्डब्रुक
१७ मे

प्रिय ड्वाइट,

तुझ्याकडून काही आलं नाही. आलं असतं तर पुढचं घडलं नसतं, असं मी म्हणणार होते. पण घडण्यात माझाही हात आहे, म्हणून नीट लिहिते.

मागचं पत्र टाकून घरी आले तर हार्लनचा दिवस चांगला होता. गवत कापायचं यंत्र उघडून बसला होता, पाने कुठले लागतात ते न विसरता. मला वाटलं, आत्ताच सांगावं. म्हटलं, ड्वाइटचं म्हणणं आहे, गाडी द्यायची असेल तर तू स्वतः विचार. त्याने हात पुसले, म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. मीच विचारायला हवं." मी फोन पुढे केला. नको म्हणाला, असं फोनवर विचारायचं नसतं. मग विषय राहिला आणि मला वाटलं, विसरला.

गेल्या शनिवारी मी चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेले होते. शेजारच्या मार्जला लक्ष ठेवायला सांगितलं होतं, पण ती काय, तिच्या घरात. परत आले तर गॅरेजचं दार उघडं आणि आत फक्त जमिनीवरचा तेलाचा डाग. स्वयंपाकघरात ओट्यावर अर्धं भिजवलेलं पीठ. माणूस पॅनकेक करायला गेला होता आणि मैद्याच्या डब्यात किल्ली हाताला लागली. त्याचा इस्त्रीचा निळा शर्ट कपाटात नव्हता.

शेरीफला फोन केला तर पलीकडची मुलगी विचारते, गाडी कशी दिसते? मी म्हटलं, नारिंगी, आणि ऐकू आधी येते, दिसते नंतर. मग रडायला लागले. ती गाडी, ड्वाइट, तू चालवली आहेस. पाय जरासा जड पडला की चारशे घोडे उधळतात. आणि ब्रेक ते पन्नास वर्षांपूर्वीचे. त्यात फाटा ओळखता न येणारा माणूस. मला हार्लनची भीती वाटत होती त्याहून जास्त रस्त्यावरच्या लोकांची वाटत होती. डोळ्यांसमोर सारखी शाळेची बस यायची, शनिवार असून.

जोलीन कोलंबसहून गाडी हाणत आली. संध्याकाळ होत आली तेव्हा बर्नडीनचा फोन आला. तो पार इलिनॉयमध्ये एका पेट्रोल पंपावर होता. गल्ल्यावर ट्रूडी नावाची बाई होती. हार्लनने पेट्रोल भरलं आणि तिला विचारलं, न्यू मेक्सिकोला हाच रस्ता ना? तिने हो म्हटलं. तो बाहेर गेला, परत आला, तेच विचारलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा ती समजली. म्हणाली, काय देखणी गाडी आहे, मला जरा आत बसून बघू द्याल का? त्याने मोठ्या ऐटीत दार उघडून दिलं. ती बसली, किल्ली काढली, एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाली, चला, आधी काही गोड खाऊ, मग बघू. चेरी भरून भाजलेली पेस्ट्री होती म्हणे. त्याच्या पाकिटात संस्थेचं जुनं कार्ड सापडलं, त्यावरून तिने बर्नडीनला गाठलं.

आम्ही पोचलो तर तो काउंटरशी बसून तिला तुझ्या गोष्टी सांगत होता. तुम्ही दोघांनी मन्सीच्या शर्यतीत कोणाला कसं हरवलंत ते. तिला सगळी नावं पाठ झाली होती. मी तिचे आभार मानायला गेले तर तिने मला नुसतं जवळ घेतलं. तिचे वडीलही असेच होते.

परतीच्या वाटेवर तो मागच्या सीटवर होता, माझ्याशेजारी. मध्यरात्रीच्या सुमाराला म्हणाला, "ड्वाइटकडे निघालो होतो. विचारायचं होतं." मी म्हटलं, माहीत आहे. मग म्हणाला, "आणि सांगायचंही होतं. त्याने दारू सोडली तेव्हाच किल्ली द्यायला हवी होती. मी दिली नाही, कारण मग मोठा कोण राहिलो असतो?"

शब्दाला शब्द हेच बोलला. जोलीननेही ऐकलं. घरी आल्यावर तिला म्हणाला, अरे, तू कधी आलीस?

गाडी दुसऱ्या दिवशी ट्रकवर घालून आणली. उजव्या बाजूचा पत्रा हेडलाइटपासून दारापर्यंत चेपलाय, आणि त्यावर निळा रंग लागलाय. कशाचा ते कोणालाच माहीत नाही. शेरीफचा माणूस वाकून वाकून बघत होता. म्हणाला, पत्रपेटी असेल, नाहीतर प्लास्टिकचं पिंप. माणूस किंवा गाडी असती तर खुणा वेगळ्या असत्या, आणि वाटेतल्या कुठल्याच गावातून तक्रार नाही. मी हो म्हटलं. तरी रोज सकाळी जोलीनने लावून दिलेल्या कॉम्प्युटरवर मी इलिनॉयच्या बातम्या वाचते. निळा शब्द दिसला की ती ओळ पुन्हा वाचते. निळ्या कपड्यातलं कोणी, निळी सायकल. अजून काही नाही. उद्या पुन्हा बघेन.

हे मी तुला लाजवायला लिहीत नाही. खोटं कशाला बोलू, थोडं लाजवायलाही लिहिते आहे. पण जास्त यासाठी की तू म्हणालास, त्याने स्वतः विचारावं. तो विचारायला निघाला होता. जेवढा रस्ता आठवला तेवढा आला.

किल्ली आता माझ्या गळ्यातल्या साखळीत आहे. झोपतानाही काढत नाही. कालपासून हार्लन तिच्याकडे बघतोय.

सही कर, किंवा करणार नाहीस असं तरी लिही. वाट बघणं माझ्याने होत नाही.

आर्डिस


कोल्डब्रुक
२६ जून

प्रिय ड्वाइट,

सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. तुझा चौकड्यांचा शर्ट इथे राहिलाय, धुऊन ठेवलाय. गॅरेजमध्ये तू पसरलेली हत्यारं मी आवरलेली नाहीत. हार्लन दुपारी तिथे जाऊन बसतो आणि एकेक पुसतो, त्याचा वेळ बरा जातो.

सहीचा कागद मागितला आणि दारात तूच उभा राहिलास, हे मी इतक्यात विसरणार नाही. जाळीच्या दाराआड मी तुला आधी ओळखलंच नाही, इतका वाळलास. हार्लनने ओळखलं. म्हणाला, "उशीर केलास, जेवण गार झालं." जसा काही तू दुकानात जाऊन आलास.

ते दोन आठवडे मी नीट झोपले. तुम्ही दोघं तो पत्रा ठोकत होतात, भांडत होतात, रेडिओ मोठ्याने लावत होतात, आणि मी स्वयंपाकघरात बसून नुसती ऐकत होते. निळा रंग तू घासून काढलास तेव्हा मी बघायला आले नाही. बातम्या वाचणं अजून सोडलेलं नाही, पण आता एक दिवसाआड.

बसच्या थांब्यावर तू मला विचारलंस, किल्लीचं तूच त्याला पढवलंस ना? बस आली म्हणून मी उत्तर दिलं नाही. आता देते. मी पढवलं नव्हतं. गाडी द्यायच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याजवळ आला, साखळीकडे बोट दाखवून म्हणाला, दे. इलिनॉय आठवलं. पण तू घरात होतास, तेवढ्या बळावर मी काढून दिली. त्याने ती शर्टाच्या खिशात घातली, बटण लावलं आणि तो शर्ट अंगात ठेवूनच झोपला. सकाळी तू अंगणात गाडी पुसत होतास तेव्हा तो बाहेर आला आणि ती तुझ्यापुढे धरून म्हणाला, "तू चालव." ते मी खिडकीतून पाहिलं. तू हात पुढे करायला किती वेळ लावलास तेही पाहिलं. तो शहाणपणाचा क्षण होता की नुसतं विसरणं, मला सांगता येणार नाही. पण त्याच्या मनातलं होतं, माझ्या नाही.

दुसरी गोष्ट तू चर्चच्या तळघरात सह्या करत होतास तेव्हाची. ती तुला कोणी सांगितली नसेल, कारण बाहेर आवारात आम्ही तिघंच होतो.

केंट गार्व्हर येणार हे मला बर्नडीनने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी हार्लनला गाडीतून उतरू दिलं नसतं. केंट आवाराच्या कडेला त्याच्या ट्रकला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. मी हार्लनचा दंड धरला, पण तो सोडवून सरळ त्याच्याकडे गेला. मागे धावत गेले तोवर बोलायला सुरुवात झाली होती. हार्लन म्हणाला, "तुझ्या आईला त्या पायरीचा फार त्रास होतो रे. मी दर वेळी बघतो. म्हणून ही गाडी देतोय, त्यांना लिफ्टवाली व्हॅन घेता येईल. कशी आहे ती?"

केंटने माझ्याकडे पाहिलं. तो मारणार असं मला वाटलं, खोटं नाही सांगत. मी मानेने काही खुणावलं का तेही आठवत नाही. त्याने घडी सोडली, हार्लनकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग म्हणाला, "बरी आहे, हार्लन. तुझी आठवण काढत होती."

"सांग तिला, गुरुवारी येतो," हार्लन म्हणाला.

केंट 'सांगतो' म्हणाला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. तू वर येईपर्यंत तिथेच होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. तू मला विचारलंस, तो कोण? मी म्हटलं, गावातला एक. त्या रविवारी चर्चमध्ये तो आमच्याच बाकाच्या टोकाला बसला. बोलला नाही. पण पाठ केली नाही. मी त्याच्याकडून आणखी कशाची अपेक्षा करत नाही. जे दिलं तेच माझ्याच्याने फिटणारं नाही.

लिलाव सप्टेंबरात आहे. तोवर गाडी बर्नडीनच्या भावाच्या कोठारात, वर ताडपत्री.

आता राहिलेलं लिहिते. हे मी पहिल्या पत्रापासून टाळते आहे आणि तू इथे होतास तेव्हाही टाळलं, कारण तू असताना तो छान होता आणि मलाही वाटायला लागलं होतं की आपण उगाच घाबरतो.

तू गेल्यावर पहिल्या सकाळी तो गॅरेजमध्ये गेला. मी दारात उभी राहून वाट बघत होते की आता ओरडेल. त्याने विचारलं, गाडी? म्हटलं, तू दान केलीस, डायलिसिसवाल्यांना. क्षणभर विचार केला आणि म्हणाला, चांगलं केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. एका सकाळी मात्र तो चोर चोर करून रस्त्यावर गेला आणि मार्जच्या नवऱ्याला त्याला घरी आणावं लागलं. कुठली सकाळ कशी निघेल ते मला उठल्यावर त्याची पावलं ऐकूनही कळत नाही. मी अंथरुणात पडून ती ऐकत राहते.

पण मला लिहायचंय ते गाडीचं नाही.

काल दुपारी मी शेंगा सोलत बसले होते. तो येऊन समोर बसला, टोपी काढली, मांडीवर ठेवली. म्हणाला, "बाई, तुम्ही कुणाकडच्या?"

मी वर पाहिलं. चेष्टा नव्हती. मी म्हटलं, व्हर्न हॅफनरची मुलगी.

"थोरली?"

का कुणास ठाऊक, मी हो म्हटलं.

त्याचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "मग एक सांगतो, तुमच्या धाकट्या बहिणीला बोलू नका. येत्या शनिवारी तिला नाचायला न्यायचं मनात आहे. गाडी या शनिवारी ड्वाइटकडे आहे, पण मी मागेन त्याच्याकडे. देईल तो. भाऊ चांगला आहे माझा."

मी म्हटलं, देईल. आणि शेंगा सोलत राहिले. तो मला माझ्याबद्दल सांगत होता. मी कशी हसते, वडिलांच्या दुकानात मला बघायला येऊन तो नको असलेले खिळे कसे घेऊन जातो. यातलं काहीच त्याने मला आजवर सांगितलेलं नव्हतं. अर्ध्या तासाने उठला, म्हणाला, आर्डिस, कॉफी आहे का?

जोलीन म्हणते, जागा बघून ठेवू या, जिथे अशा लोकांची सोय असते. मी म्हणते, अजून नाही. पण रात्री दाराला कडी लावताना मला कळत नाही की मी कोणाला बाहेर ठेवते आहे आणि कोणाला आत. मला भीती वाटते, ड्वाइट. एवढं एक वाक्य लिहायला चार पत्रं लागली.

तुला नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला ये म्हणणार होते. तितकं थांबू नकोस. खोली तयार आहे, चादर बदलली आहे. तुझं नाव त्याला अजून येतं. माझं कधी येतं, कधी नाही.

तुझी वाट बघणारी,
व्हर्न हॅफनरची धाकटी मुलगी,
आर्डिस